कॉर्नेट आणि पुढचे दोन दात

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक जांब खाल्ला. पुण्या-मुंबईचे लोक त्याला पेरू म्हणतात. शुक्रवारची दुपार होती. मुलगा-सून ऑफिसात, नात तिच्या खोलीत कानात बोंडं घालून बसलेली. शारजात अल नहदाला आमचा चौदावा मजला आहे, तिथल्या किचनमध्ये ही ओट्याला टेकून उभी होती. पाच महिन्यांत हिने जांबाला दात लावला नव्हता. आता समोर दोन दातांची नवी कवळी बसवली होती, आठ दिवसांची.

"फोडी करून देतो," मी म्हटलं.

"काहून? म्हातारी झाली का मी?"

"अडुसष्टची आहेस."

"मग? जांब काय वय विचारून खायचा असते?"

आणि कचकन चावा घेतला. चावा आला, पण कवळी जांबातच राहिली. दोन पांढरे दात हिरव्या सालीत रुतलेले, आणि ही बोळक्या तोंडाने माझ्याकडे बघते. मी हसता हसता फ्रिजला धरलं. ही हसली तर श्वासच परत येईना. मग मी कवळी काढून नळाखाली धुतली, जांबाच्या फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं, आणि दोघांनी उभ्याउभ्याच खाल्ला. "जरा पडते," म्हणाली. पाचला मी चहा घेऊन गेलो तर उठली नाही.

तेवढंच. त्याचं मी रडगाणं लावणार नाही. सून म्हणाली, बाबा, आई कशा होत्या ते लिहा, बोलता तसंच लिहा. मी सातवी नापास. बोलतो तसंच लिहिणार, दुसरं काय येतं मला?

तर ही कॉर्नेट वाजवायची. बँडमध्ये ते आखूड, गुटगुटीत पितळी वाद्य असतं ना, ट्रम्पेटची धाकटी बहीण शोभावी असं, ते. आम्ही दोघंही चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीवरचे. मी पंप खलाशी, म्हणजे खाणीतलं पाणी उपसायचं ते मशीन चालवणारा. तिचे बाबा लॅम्परूममध्ये कामगारांना दिवे द्यायचे आणि खाणीच्या बँडात कॉर्नेट वाजवायचे. बँड इंग्रजांच्या वेळचा. वाद्यं खाणीची, वाजवणारे कामगार. पंधरा ऑगस्ट, साहेबांचा निरोप, कॉलनीतला गणपती, सगळीकडे हाच बँड.

बाबा ड्युटीवर गेले की ही नऊ वर्षांची पोर ट्रंकेतून कॉर्नेट काढायची. भोंग्यात आईचं जुनं लुगडं कोंबायची, म्हणजे शेजारी ऐकू जाऊ नये. अशी सहा वर्षं वाजवली. एक दिवस बाबा लवकर परत आले आणि दारात उभे राहिले. मारलं नाही, ओरडले नाहीत. सगळी धून ऐकली आणि म्हणाले, "सूर बरोबर आहे बाई तुझा. पण तुला बसवू कुठे?"

बँडात बावीस खुर्च्या, बावीस माणसं. बाईची खुर्ची नव्हतीच. हे वाक्य हिने मला लग्नानंतर आठ दिवसांत सांगितलं आणि पुढची पन्नास वर्षं सांगत राहिली. भाजीत मीठ कमी झालं तरी सांगायची.

बाबा वारले तेव्हा कॉर्नेट खाणीच्या स्टोअरमध्ये जमा करायचा होता. ही म्हणाली, "एक दिवस राहू द्या माझ्यापाशी, मग द्या." क्वार्टरमध्ये वाजवला असता तर लोक जमले असते, आणि खरं सांगतो, मला लाज वाटली असती. म्हणून मी तिला माझ्या पंपघरात नेलं. मोठा पंप चालू होता. त्या धडधडाटात ती तासभर वाजवत होती. गाल फुगलेले, डोळ्याला पाणी, बोटं चाललेली, आणि मला एक सूर ऐकू आला नाही. शहाणपणा माझाच होता. त्याच पंपाने पुढे माझा डावा कानही खाल्ला.

कॉर्नेट परत गेला, पण त्याचा तोंडाला लावायचा तुकडा हिने दिला नाही. स्टोअरवाल्याला सांगितलं, हरवला. पितळेची छोटी वाटी समजा, खाली दांडी. तो तुकडा हिच्या पदराच्या गाठीत असायचा. लोकांना वाटायचं तंबाखू आहे. ओठाला लावून फुंकला की मोठ्या भुंग्यासारखा आवाज निघतो, आणि त्यातही ही धून वाजवायची. वरण शिजेस्तोवर एक धून, भात होईस्तोवर दुसरी. मला जेवायला बोलवायचं तरी तेच. अख्ख्या कॉलनीत बायका नवऱ्याला हाका मारायच्या, माझ्या बायकोचा भुंगा यायचा.

माणसाची पारख ती श्वासावरून करायची. नेता भाषण करत असला की म्हणायची, "ह्याचा श्वास गळ्यातच आहे, कमरेत नाही. निवडून नाही येत हा." मुलासाठी पुण्याला मुलगी बघायला गेलो. चहा-पोहे झाले, पत्रिका झाली, आणि हिने पर्समधून फुगा काढला.

"बाळा, हा फुगव बरं."

मुलीचे वडील माझ्याकडे बघायला लागले. मी पोह्यातले शेंगदाणे मोजत बसलो. पोरगी शहाणी, काही न विचारता चार श्वासांत फुगा फुगवला, गाठ मारली आणि हिच्या हातात दिला. ही मला कानात म्हणाली, "तिनात व्हायला पाहिजे होता. पण गाठ चांगली मारली. होकार द्या." आज ती सून आमच्या दोघांपेक्षा जास्त वेळा फुग्याची गोष्ट सांगते.

रिटायर झाल्यावर मुलाने आम्हाला इकडे आणलं. इथे हिची पंचाईत झाली. चौदा मजले, पातळ भिंती, आणि लिफ्टमध्ये हिचा भुंगा. नात म्हणायची, "आजी प्लीज, नॉट इन द लिफ्ट!" ही म्हणायची, "लिफ्टमध्ये आवाज चांगला घुमते."

एकदा खालच्या सुपरमार्केटात आम्ही कांदे निवडत होतो. म्हणजे मी निवडत होतो, ही फुंकत होती. पलीकडे एक उंच, पिकल्या केसांचा गोरा बटाटे घेत होता. तो थबकला. बटाटे खाली ठेवले, खिशात हात घातला आणि काय काढावं? तसाच पितळी तुकडा. ओठाला लावून त्याने हिच्या धुनेला उत्तर दिलं. ही दचकली नाही. पुढची ओळ वाजवली. त्याने त्याला आपल्या मनाची जोड दिली. कांद्याच्या ढिगाच्या ह्या बाजूने एक भुंगा, त्या बाजूने एक. काट्यावरचा पोरगा वजन करायचं विसरला. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला हिंदी येत नव्हतं, आणि दहा मिनिटं दोघांचं अगदी छान बोलणं झालं.

जाताना त्याने कार्ड दिलं, मुलाने फोन केला, तर तो बँडमास्तर निघाला. त्याचं गाव इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीवरचं. बाप खाणीत, बापाचा बाप खाणीत, सगळे बँडात. खाण बंद झाली, बँड चालू राहिला. हा इकडे शाळेत संगीत शिकवायला आला आणि इथेही त्याने तसाच बँड जमवला. दर शनिवारी सकाळी एका शाळेच्या खोलीत जमायचे. कोणी फिलिपिनो, कोणी गोरे, दोन गोव्याचे, आणि सगळ्यात मोठं वाद्य गळ्यात घेणारा एक केरळवाला, गोदामात सुपरवायझर. त्याला हिंदी यायचं, म्हणून तो आमचा दुभाषा.

पहिल्या शनिवारी मास्तरने एक खुर्ची ओढली, तिच्यावर थाप मारली आणि म्हणाला, "सिट." त्याला काय माहीत. ही त्या खुर्चीकडे बघत उभीच राहिली. मी म्हटलं, "बस न आता." मग टोकावर टेकली, जशी काही कोणी उठवणारच आहे. घरी येऊन नुसत्या पोळ्या लाटत राहिली. त्या पोळ्या आम्हाला तीन दिवस पुरल्या.

मास्तरने तिला कॉर्नेट घरी नेऊ दिला. हिने बघितलं, पितळ पिवळसर, मधेमधे काळे डाग. "किती दिवसांचा घासला नाही बिचारा!" चिंच भिजवली, मीठ घेतलं, काथ्या घेतला, आणि अख्खी दुपार देवाची भांडी घासावीत तसा घासला. सोन्यासारखा लखलखीत करून शनिवारी नेला. मास्तरचा चेहरा पडला. त्या पितळेवर एक पातळ वार्निश असतं म्हणे, आणि कॉर्नेट त्याच्या बापाचा, ते वार्निश राहावं म्हणून बापाने आयुष्यभर मऊ फडक्याशिवाय काही लावलं नव्हतं. हिने सगळं खरवडून काढलं होतं. केरळवाल्याने भीत भीत भाषांतर केलं. ही म्हणाली, "त्यांना सांगा, आता दर आठवड्याला चिंच लावावी लागेल. मी लावीन." मास्तर बराच वेळ कॉर्नेट उलटासुलटा करत राहिला. मग त्यात स्वतःचं तोंड बघून केस नीट केले आणि तिला परत दिला.

त्यानंतर बँडाला बोलावणं आलं. अल ऐनच्या बाजूला उघड्या मैदानात जुन्या काळाचं गाव उभारलं आहे. खजुराच्या झावळ्यांची घरं, विहीर, उंट, होडी बांधणारे म्हातारे, दोर वळणारे म्हातारे. लोक तिकीट काढून येतात आणि आपले आजोबा कसे जगले ते बघतात. त्यांनी ठरवलं, एक दिवस देशोदेशींच्या कष्टाच्या माणसांचा करू. मास्तरचा खाणवाल्यांचा बँड त्यात हवा होता. तारीख दोन महिन्यांनंतरची.

आणि त्याच आठवड्यात हिचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले.

कॉर्नेटवाल्याचे पुढचे दात गेले म्हणजे संपलं. तो तुकडा ओठावर टेकवतात, आणि ओठाच्या मागे दात नसतील तर टेकवणार कशाला? डॉक्टर हैदराबादचा पोरगा. "आंटी, दोनों निकालने पड़ेंगे."

"दो महिने टिकेंगे क्या?"

"ये गाड़ी का टायर है क्या आंटी? बजाते बजाते गिर गया तो निगल जाओगी."

"निगल गई तो मेरा दांत, मेरे पेट में. तुमको क्या?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मेरी नहीं सुनती, तुम्हारी क्या सुनेगी."

घरी आल्यावर मी आवाज चढवला. "हौस पुरी झाली न तुझी? खुर्ची मिळाली न?"

"ती खोलीतली खुर्ची आहे जी," ती म्हणाली. "खोलीत तर मी ट्रंकेपाशीही वाजवत होती. लोकांसमोर एकदा. मग दात काय, जबडा न्या."

पंपघर मला आठवत होतंच.

तिथून दोन महिने घरात त्या दोन दातांचं राज्य. भाकरी बंद, शेंगदाणे बंद, जांब बंद. पोळी वरणात भिजवून, भात कालवून. दात घासायची बोटाने. ठसका लागला तर आधी दाताला हात, मग छातीला. रात्री तोंड उघडं ठेवून झोपू नये म्हणून सुनेची ओढणी हनुवटीला बांधायची. आणि सकाळी उठल्या उठल्या आरशात बघून मला रिपोर्ट द्यायची. "उजवा ठीक. डावा नाराज आहे."

तो दिवस आला. पांढरी साडी, हिरवे काठ, पायात नातीचे पांढरे बूट. मुलाने गाडीतून नेलं. दीड तास ही तोंड मिटून बसली, गचक्याने दात पडू नये म्हणून.

तिथे पोहोचलो तर वेगळाच तमाशा. व्यवस्था बघणारा एक पोरगा होता, लेबनानी असावा. त्याने काळ्या पावडरचा डबा आणला होता. म्हणे खाणीतली माणसं, तर तोंडाला काळं लावा, फोटो छान येतील. गोव्याचे दोघं लावून बसले होते, केरळवाल्याचा एक गाल झाला होता. मास्तर कोपऱ्यात चुळबुळत उभा. नाही म्हणायचा त्याला संकोच.

ही गाडीतून उतरली आणि बघितलं. "हे काय करून राहिले?"

केरळवाल्याने सांगितलं.

"त्या पोराला सांगा," ही म्हणाली, "माझ्या बाबाच्या बँडात अंघोळ केल्याशिवाय वाद्याला कोणी हात लावत नव्हतं. शिफ्ट सुटली की माणूस पहिले नळावर. अर्धा तास साबणाने घासायचा. डोक्याला तेल, पांढरा शर्ट. काळं राहायचं ते पापणीच्या कडेला, काजळासारखं. ते जातच नाही. बँड म्हणजे माणूस जिवंत वर आला, त्याचा. खाली असल्याचा नाही."

दाताची पर्वा न करता एवढं बोलली. केरळवाल्याने आधी हिंदी मनात जुळवलं, मग इंग्रजीत सांगितलं. मास्तर पुढे आला, खाली वाकला, आणि स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून हिला दाखवली. "हिअर," म्हणाला. "माय डॅड. हिअर." मग डबा बंद करून त्या पोराच्या हातात दिला.

"खलास, खलास," पोरगा म्हणाला. "वॉश, हबीबी, वॉश."

जवळ पाणी फक्त उंटांच्या हौदावर. सगळा बँड रांगेने तिथे तोंडं धुवायला. एक उंट मान लांब करून केरळवाल्याच्या गालाचा वास घेत होता. लोकांनी सगळ्यात जास्त फोटो त्याचेच काढले.

मग झावळ्यांच्या मांडवात बँड बसला. ही पुढच्या रांगेत, डावीकडून तिसरी. या वेळी टोकावर टेकली नाही. पाठ लावून बसली. आधी मास्तरच्या गावची दोन गाणी झाली, मग हिच्या बाबाची धून, शिफ्ट सुटल्यावरची. ती हिने सुपरमार्केटात ऐकवलेलीच. मास्तरने ती कागदावर उतरवून सगळ्यांना वाटली होती. मधे चार ओळी एकट्या कॉर्नेटच्या होत्या. हिच्या.

मी उजवा कान पुढे करून बसलो. पंप नव्हता. पन्नास वर्षांत मी पहिल्यांदा तिला चारचौघांत ऐकत होतो. दोन ओळी झाल्या. तिसरीला तिचा चेहरा बदलला. मला कळलं, डावा गेला. अर्धा क्षण सूर थांबला. मी मुलाचं मनगट इतकं आवळलं की तो "बाबा!" म्हणून ओरडला. तिने कॉर्नेट ओठाच्या उजव्या बाजूला सरकवला आणि चौथी ओळ तिरक्या तोंडाने पुरी केली. लोकांना वाटलं, मुद्दाम घेतलेला श्वास आहे. टाळ्या पडल्या. होडीपाशी बसलेला एक म्हातारा अरब उठून उभा राहिला आणि बसायचा विसरला.

संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि रुमाल उघडून दाखवला. त्यात दात.

"गिळला नाहीस?"

"गालात धरला होता. ड्युटी संपली त्याची."

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"खुर्चीची पाठ मोडकी होती," ती म्हणाली. "टोचत होती."

दुसरा दात डॉक्टरने काढला, जागा भरायला वेळ गेला, मग कवळी आली. ती लावून वाजवलं तर आवाज जुन्या पंपासारखा फसफसला. तरी ही त्या शनिवारी जाऊन बसली. म्हणाली, पुन्हा पहिलीपासून सुरू केलं, काय बिघडलं? पुढचं तुम्हाला सांगितलंच, शुक्रवार आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा फोनवर कागदपत्रांच्या मागे होता. ती दवाखान्यात होती, आणि कागद झाल्याशिवाय मिळणार नव्हती. सून रडत होती. मी अंघोळ केली, दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि कॉर्नेटची पेटी उचलली.

"बाबा, कुठे?"

"शनिवार आहे," मी म्हटलं आणि टॅक्सी केली.

बँड जमला होता. मी केरळवाल्याला सांगितलं, त्याने सगळ्यांना. मास्तर पायरीवर बसला. मग उठला, माझ्या हातून पेटी घेतली, कॉर्नेट काढला आणि हिच्या खुर्चीवर ठेवला. केरळवाला म्हणाला, "त्यांच्या गावची रीत आहे. कोणी गेलं की वर्षभर ती खुर्ची रिकामी ठेवतात. मानाने."

"नाही," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"त्यांना सांग, त्यांची रीत चांगली आहे, पण ही त्यातली नाही. पन्नास वर्षं खुर्ची नाही म्हणून उभी होती ती. आता तिच्या नावाने खुर्ची अडवून ठेवता?"

भिंतीपाशी एक फिलिपिनो बाई उभी होती, चाळिशीची, सलूनमध्ये काम करते. दोन महिन्यांपासून येते, पण चारच कॉर्नेट, चारच खुर्च्या, म्हणून नुसती ऐकून जाते. मी कॉर्नेट उचलला, जाऊन तिच्या हातात दिला आणि खुर्ची ओढली. ती मास्तरकडे बघायला लागली. मास्तर माझ्याकडे.

"यल्ला, चला," मी म्हटलं. "वाजवा."

ती टोकावर टेकली. मी तिला नीट मागे सरकून बसायला लावलं, आणि दाराशी जाऊन उजवा कान खोलीकडे करून उभा राहिलो.